लावण्याआधी ओळखावे : रानफुले, झाडे आणि आपला गाव



साहित्यसंस्थेच्या व्याख्यानमालेत झाडाझुडपांचा विषय कशासाठी, असा प्रश्न कोणाच्या मनात आला असेल तर तो रास्त आहे. गावातल्या झाडांची आणि फुलांची पहिली नोंद सरकारी दप्तरात होत नाही, ती गावाच्या बोलीत होते. वडगाव, पिंपळगाव, बोरगाव ही नावे ज्यांनी ठेवली त्यांनी झाड पाहिले, ओळखले आणि मग गावाला नाव दिले. आज आपण झाडे मोठ्या संख्येने लावतो. पण ओळखण्याचे काम मागे पडले आहे. माझ्या व्याख्यानाचा सगळा भर एवढ्याच गोष्टीवर आहे, की गावाची जैवविविधता वाढवायची असेल तर लावण्याआधी ओळखावे लागते. हा क्रम उलटा झाला, तर चांगल्या हेतूने केलेले वृक्षारोपणही गावाचे नुकसान करू शकते.

वनमहोत्सवाची प्रथा १९५० साली सुरू झाली. कन्हैयालाल मुनशी तेव्हा केंद्रात अन्नमंत्री होते. पावसाळ्याच्या तोंडाशी देशभर झाडे लावावीत, ही त्यामागची कल्पना. ती उत्तम होती आणि तिने गावोगावच्या शाळांना, पंचायतींना, मंडळांना एक चांगली सवय लावली. परंतु सवयीबरोबर एक हिशेबही रूढ झाला. किती रोपे लावली, हा आकडा वर्तमानपत्रात येतो. कोणती लावली, कुठे लावली, तिसऱ्या उन्हाळ्यानंतर किती उरली आणि त्या जागी आधी काय होते, हे चार प्रश्न सहसा विचारले जात नाहीत. आज आपण हेच चार प्रश्न विचारणार आहोत आणि उदाहरणे आपल्या गोमंतकातील, फार तर शेजारच्या सिंधुदुर्गातील घेणार आहोत.

हिरवे आणि भरलेले

जैवविविधता हा शब्द जड वाटतो, पण त्याचा अर्थ सोपा आहे. एखाद्या जागी किती प्रकारचे जीव राहतात आणि ते एकमेकांवर कसे अवलंबून आहेत, हे दोन्ही मिळून जैवविविधता. नुसता हिरवा रंग हा तिचा पुरावा नव्हे. आपल्याकडे अनेक टेकड्यांवर आणि खाणींच्या मातीच्या ढिगांवर ऑस्ट्रेलियन अकेशियाची लागवड झाली. ती बारमाही हिरवी दिसते. ढिगाची माती धरून ठेवण्याचे काम तिने केलेही. पण त्या झाडांखाली उभे राहून पाहावे. जाड, सावकाश कुजणाऱ्या पानांचा थर, त्यातून डोके वर काढणारी थोडीच रोपे आणि खाण्याजोगे फळ एखाद्याच पक्ष्याला. तेच एखाद्या जुन्या उंबराखाली उभे राहावे. वर हारीत आणि बुलबुल, खोडावर खारी, खाली पडलेल्या फळांवर माश्या, मुंग्या, रात्री वटवाघळे.

उंबराचे उदाहरण जरा खोलात जाऊन पाहण्यासारखे आहे. न दिसणाऱ्या गोष्टीला आपण ‘उंबराचे फूल’ म्हणतो. उंबराला फूल असते, ते फळाच्या आत असते. आपण ज्याला फळ म्हणतो ती आतून फुलांनी मढवलेली एक बंद पिशवी आहे. तिच्या टोकावरच्या बारीक छिद्रातून चिलटाएवढी एक गांधीलमाशी आत शिरते, परागकण पोचवते, अंडी घालते आणि बहुधा आतच मरते. तिची पुढची पिढी परागकण घेऊन बाहेर पडते आणि दुसऱ्या उंबराच्या शोधात जाते. वड, पिंपळ, उंबर या प्रत्येकाची माशी निराळी. ही माशी थोडेच दिवस जगते, म्हणून तिला त्या काळात जवळपास फळावर आलेले दुसरे झाड मिळावे लागते. सगळी झाडे एकाच वेळी फळत नाहीत, एकापाठोपाठ एक फळतात आणि त्यामुळेच रानात दुसरे काही पिकलेले नसते तेव्हाही पक्ष्यांना वड-उंबरांचा आधार मिळतो. याचा व्यावहारिक अर्थ असा, की गावात एकच वड राखून भागत नाही. परिसरात अनेक वड, अनेक उंबर हवेत.

दुसरे उदाहरण उलट्या बाजूचे. आंब्यावरचे बांडगूळ हा बागायतदाराचा शत्रू. ते वाढले तर फांदी वाळते, म्हणून ते काढावे लागते. पण पंखांवर पिवळा आणि लाल रंग असलेले जे फुलपाखरू मराठीत ‘हळदीकुंकू’ या सुंदर नावाने ओळखले जाते, त्याच्या अळ्या बांडगुळाचीच पाने खातात. फुलटोच्या हा इवलासा पक्षी बांडगुळाच्या फळावर जगतो आणि त्याचे बी या फांदीवरून त्या फांदीवर नेतो. बागेतले बांडगूळ काढावे, रानातल्या एखाद्या झाडावरचे राहू द्यावे, असा तोल सांभाळणे म्हणजेच जैवविविधता सांभाळणे.

गाव म्हणजे एकच जमीन नव्हे

गोव्यातल्या गावाची रचना पाहिली तर वर सडा, खाली डोंगराचा उतार, उताराच्या पायथ्याशी झर आणि झरीच्या पाण्यावर कुळागर, त्याखाली भातशेती, नदीकाठी खाजन, असे जमिनीचे जिने दिसतात. मध्येच कुठेतरी देवाची राय आणि प्रत्येक घरामागे परसू. या प्रत्येक पायरीची माती, ओल आणि ऊन वेगळे, म्हणून तिच्यावरचे जीवही वेगळे. एकच रोपवाटिका आणि एकच यादी या सगळ्यांना लागू करणे म्हणजे घरातल्या सर्वांना एकाच मापाचा सदरा शिवण्यासारखे आहे.

यातल्या सड्याविषयी थोडे विस्ताराने बोलतो, कारण सर्वांत जास्त गैरसमज त्याच्याविषयी आहेत. कागदोपत्री सडा म्हणजे पडीक, ओसाड जमीन. उन्हाळ्यात तिथे काळवंडलेला जांभा दगड आणि वाळलेले गवत यांखेरीज काही दिसत नाही. ‘इथे झाडे लावू या’ असे पहिल्यांदा सुचते ते इथेच. पण हाच सडा पहिल्या पावसानंतर पाहावा. सुरुवातीला दीपकाडीची पांढरी फुले येतात. हिचे घर म्हणजे कोकणपट्टीतले हे सडेच. मग श्रावण-भाद्रपदात साचलेल्या पाण्याच्या काठाने गेंदाची पांढरी बटणे, सीतेच्या आसवांची निळी-जांभळी नक्षी, तेरड्याचा गुलाबी पट्टा. सीतेची आसवे आणि दवबिंदू या कीटकभक्षी वनस्पती आहेत. जांभ्यावरची माती बोटभर जाडीची आणि अतिशय निकस. तिच्यातून पुरेसे पोषण मिळत नाही म्हणून या वनस्पती बारीक जीव पकडून ते मिळवतात. म्हणजे निकस माती ही त्यांच्या घराची उणीव नसून त्या घराचा पायाच आहे. तिथे सुरुंग लावून खड्डे खणले, बाहेरची माती आणि खत टाकले, अकेशिया किंवा शोभेची झाडे लावली, तर झाडे जगोत वा मरोत, ही फुले मात्र जातात. उघड्या जमिनीवर अंडी घालणारी टिटवीही जाते.

सड्याचा आणखी एक उपयोग आपण विसरतो. जांभा सच्छिद्र असतो. सड्यावर पडलेला पाऊस त्यात मुरतो आणि पायथ्याशी झर होऊन बाहेर येतो. कुळागराची सुपारी, मिरवेल आणि केळ त्या पाण्यावर उभी असते. ज्याला आपण ओसाड म्हणतो, ते गावाचे पाण्याचे कोठार आहे. तेव्हा सड्यासाठी पहिला नियम असा, की तिथे काही लावू नये. गाड्या फिरवू नयेत, चिरे काढू नयेत, गवताला वणवा लागू देऊ नये आणि फुलांच्या दिवसांत शाळेच्या मुलांना तिथे पायवाटेने न्यावे. न लावणे हेही कामच आहे, आणि ते सर्वांत कठीण असते, कारण त्याचे छायाचित्र काढता येत नाही.

रानफुले वाढवण्याची रीत

मग रानफुले लावायची कुठे? जिथे ती पूर्वी होती आणि आपल्या हातून गेली तिथे. रस्त्याच्या कडा, शाळेच्या आणि देवळाच्या मागची मोकळी जागा, शेताच्या मेरा, पाटाचे काठ, स्मशानभूमीचे आवार. अशा जागी तेरडा, कुर्डू, घागरी, कळलावी, चवर, रानहळद, सोनकी ही आपली फुले येऊ शकतात. बहुतेक ठिकाणी त्यांचे बी मातीत आहेच. ते उगवून फुलते, पण पुन्हा बी धरण्याआधीच आपण ते कापतो.

आपल्याकडच्या बऱ्याच वर्षायू रानफुलांचे बी भाद्रपदाच्या शेवटापासून कार्तिकापर्यंत पक्व होऊन गळते. चतुर्थीच्या आधी आवार ‘साफ’ करण्याची पद्धत आहे. त्यात फुलावर आलेले सगळे रान कापले जाते आणि पुढच्या वर्षीचे बीच उरत नाही. दोन-चार वर्षे असे झाले की तिथे गाजरगवत आणि रानमोडी यांचेच राज्य होते. म्हणून पहिला उपाय अगदी बिनखर्चाचा आहे. वावरण्यापुरती वाट आणि अंगण साफ करावे, कडेचा एक पट्टा मात्र बी गळेपर्यंत राखावा आणि मग कापावा. कापलेच नाही, तर काही वर्षांत उंच गवत आणि झुडपे बारीक फुलांना झाकून टाकतात. तेव्हा कापणी हवीच. ती वेळेवर हवी.

दुसरा उपाय परक्या रोपांच्या उपटणीचा. रानमोडी आणि घाणेरी ओल्या मातीतून मुळासकट निघते, म्हणून हे काम पावसातच करावे. रानमोडी हिवाळ्यात फुलते. त्यानंतर तिचे हलके बी वाऱ्याबरोबर सगळीकडे जाते. बी धरलेली रानमोडी उपटून रस्त्याने ओढत नेणे म्हणजे तिची पेरणी करण्यासारखेच आहे.

एवढे करून जिथे फुले येतच नाहीत तिथे पेरणी करावी. बी आपल्याच गावातून, फार तर शेजारच्या गावातून घ्यावे. एका जागचे थोडेच बी घ्यावे, बाकीचे तिथेच गळू द्यावे. सावलीत वाळवून कागदाच्या किंवा कापडाच्या पिशवीत ठेवावे. पिशवीवर नाव, जागा आणि महिना लिहावा. रोहिणी-मृगाच्या पावसात माती वरवर खरवडून ते फेकावे. खत घालू नये. खताने फुलांपेक्षा तण फोफावते. त्याहूनही सोपी पद्धत म्हणजे जिथे चांगली रानफुले आहेत तिथले पक्व गवत कापून आणावे आणि नव्या जागी पसरावे. वाळता वाळता बी खाली गळते.

बाजारात रानफुलांच्या बियांच्या तयार पुड्या मिळतात. त्यांच्यापासून जपून राहावे. त्यात पुष्कळदा कॉसमॉससारखी परदेशी फुले असतात. ती सुंदर दिसतात, पण पिवळा-नारिंगी कॉसमॉस बागेतून निसटून मोकळ्या माळावर पसरतो आणि तिथल्या फुलांची जागा घेतो.

इथे एक खुलासा करतो. परदेशातून आलेले सगळेच वाईट, असे माझे म्हणणे नाही. काजू पोर्तुगीजांनी सोळाव्या शतकात आणला. मिरची, पेरू, अननस हेही बाहेरचेच. ते आपल्या ताटात आणि बोलीत मुरले आहेत. प्रश्न जन्मस्थानाचा नसून वागणुकीचा आहे. जे रोप लावल्या जागी राहते ते पाहुणे म्हणून राहू शकते. जे स्वतःहून पसरून दुसऱ्यांना हुसकावते, त्याला निमंत्रण देऊ नये.

झाडे : कोणती आणि कशी

झाडांच्या बाबतीत ‘देशी झाडे लावा’ एवढा उपदेश पुरत नाही. गुलमोहोर देशी नाही हे आता सर्वांना ठाऊक झाले आहे. पण राजस्थानातले देशी झाड पेडण्याच्या डोंगरावर परकेच असते. गावाच्या आपल्या झाडांची यादी गावातच मिळते. डोंगरउतारावर ऐन, किंजळ, कुंभा, जांभूळ, बेहडा, बहावा, कुडा, करवंद. यातला ऐन म्हणजे आपली मट्टी, गोव्याचा राज्यवृक्ष. झरीच्या काठी उंबर, सुरंगी, भिरंड म्हणजेच कोकम आणि सुरमाड. खाजनाच्या बांधावर भेंड. घराभोवती बकुळ, शेवगा, बेल. कुंपणाला पांगारा आणि निर्गुडी.

यादी करताना फुलण्या-फळण्याचे महिने समोर ठेवावेत. काटेसावर, पळस, पांगारा शिशिरात आणि वसंताच्या सुरुवातीला फुलतात. नंतर सुरंगी आणि जांभूळ, उन्हाळ्याच्या अखेरीस कुडा. पावसात ऐन, पाऊस सरता सरता किंजळ, त्यामागून सातवीण. निर्गुडी जवळजवळ वर्षभर थोडीथोडी फुलत असते. अशी साखळी जुळली की मधमाश्यांना उपासाचा महिना उरत नाही. धनेशाला वड-उंबराची, सुरमाडाची, रानजायफळाची फळे लागतात. माणसाला विषारी असलेल्या काजऱ्याची फळेही काही धनेश खातात. शिवाय घरट्यासाठी त्याला जुन्या, मोठ्या झाडाची ढोली लागते. मादी त्या ढोलीत स्वतःला लिंपून घेते आणि नर बाहेरून फळे आणून भरवतो. आज लावलेल्या रोपात अशी ढोली व्हायला कित्येक दशके जातील. शंभर नवी रोपे एका जुन्या झाडाची भरपाई करू शकत नाहीत, हे तोडीची परवानगी देणाऱ्याने आणि मागणाऱ्याने दोघांनीही ध्यानात ठेवावे.

आता थोडे तंत्र. जांभूळ, आंबा, फणस, कोकम यांचे बी वाळले की मरते. फळ खाल्ल्यावर थोड्या दिवसांत ते पेरले पाहिजे. अलीकडे मातीचे गोळे करून त्यांत बिया घालण्याचे उपक्रम होतात. मुलांना त्यात आनंद मिळतो, पण जांभळाचे बी गोळ्यात घालून उन्हाळाभर वाळवले तर त्यातून काही उगवत नाही. बहावा, शिरीष यांचे बी मात्र टणक असते. ते वर्षभर टिकते आणि गरम पाण्यात रात्रभर भिजवून किंवा एका बाजूने किंचित घासून पेरले तर चांगले रुजते. वड, उंबर, पांगारा यांच्या मनगटाएवढ्या फांद्या पावसाच्या सुरुवातीला रोवल्या तरी जगतात.

खड्डा दीड-दोन फुटांचा, उन्हाळ्यात काढलेला. लागवड पाऊस स्थिरावल्यावर. बुंध्याशी पालापाचोळ्याचे जाड आच्छादन. गुरांपासून काटेरी कुंपण. आणि पहिल्या दोन उन्हाळ्यांत पाणी. हे ज्यांच्याच्याने होईल तेवढीच रोपे लावावीत. पाचशे लावून विसरण्यापेक्षा पन्नास जगवणे बरे. जपानी वनस्पतिशास्त्रज्ञ अकिरा मियावाकी यांच्या पद्धतीने एका चौरस मीटरला तीन-चार रोपे दाट लावण्याचे प्रयोग आता आपल्याकडेही होतात. जिथे मुळात जंगल होते आणि जागा लहान आहे तिथे ते उपयोगी पडतात. सड्यावर किंवा गवताळ माळावर ते करू नयेत.

फुलांचे आणि ताटाचे नाते

हे सगळे हौसेचे काम आहे, पोट भरलेल्यांचे आहे, असा एक आक्षेप नेहमी घेतला जातो. त्याला आगशीच्या वांग्याचे उत्तर पुरेसे आहे. वांग्याच्या फुलात पराग नळीसारख्या कोषात कोंडलेला असतो आणि तो टोकाच्या छिद्रातून बाहेर येतो. वाऱ्याने तो थोडासा सांडतो. फुलाला लटकून विशिष्ट लयीत गुंजारव करणारा भुंगा मात्र त्या कंपनाने पराग मिठासारखा झटकून घेतो. आपल्या सातेरी मधमाशीला ही कला येत नाही. पाळीव पेट्या ठेवून हे काम भागत नाही, त्याला रानचा भुंगाच लागतो. हा भुंगा वाळक्या लाकडात आणि बांबूत भोक पाडून राहतो. म्हणजे परसातले वठलेले खोड आणि बांबूचे बेट वांग्याच्या पिकाला मदत करत असते. काकडीचे, म्हणजे तवशाचे, नर आणि मादी फूल वेगवेगळे असते. मधमाश्या आल्या नाहीत तर फळ धरत नाही. वांगी आणि तवशी आपापल्या हंगामात, पण माशीला मात्र बारा महिने खायला लागते. बाकीचे महिने तिला पोसायचे काम मेरेवरची रानफुले करतात. मेर तणनाशकाने जाळून टाकणारा शेतकरी आपल्याच मजुरांना उपाशी ठेवत असतो.

पावसाळी रानभाज्यांचेही तसेच. तायकिळो म्हणजे टाकळा, फागलां म्हणजे करटोली. टाकळा आपण पहिल्या पावसात कोवळा खुडतो. उरलेल्यावर पिवळसर फुलपाखरांच्या अळ्या पोसतात. दोघांनाही पुरून उरतो, कारण आपण तो मुळासकट उपटत नाही.

माटोळी आणि राय

आपल्या संस्कृतीत याची एक यादी आधीपासून तयार आहे. चतुर्थीला गणपतीवर बांधली जाणारी माटोळी म्हणजे गावाच्या रानाची वार्षिक हजेरीच. नारळ, सुपारीचे घोस, तोरिंजन, आंबाडे यांच्या जोडीला कवंडळ, कांगले, घागऱ्या अशी कितीतरी रानफळे आणि रानफुले तीत असतात. माटोळी बांधणाऱ्याला कोणती वेल कुठल्या डोंगरावर मिळते हे ठाऊक असावे लागते. आता बरेच सामान बाजारातून येते आणि चढाओढीपायी दुर्मीळ वेल मुळासकट ओढून आणण्याचेही प्रकार होतात. माटोळीसाठी लागणाऱ्या वनस्पती गावाने आपल्याच हद्दीत बियांपासून वाढवाव्यात, हा सामूहिक लागवडीचा सर्वांत सुंदर कार्यक्रम होईल. त्यात धर्म आहे, कला आहे, शास्त्र आहे आणि कोणाला पटवून द्यायची गरज नाही.

दुसरा ठेवा म्हणजे देवाची राय. महाराष्ट्रातल्या देवरायांचा शास्त्रीय अभ्यास वा. द. वर्तक आणि माधव गाडगीळ यांनी १९७०च्या दशकात मांडला. याच वर्तकांनी त्याआधी, १९६६ साली, पुण्याच्या महाराष्ट्र विज्ञानवर्धिनीतर्फे गोमंतकातील वनस्पतींची सूची प्रसिद्ध केली होती. सत्तरीतील बांबर येथील निरंकाराच्या रायीत रानजायफळांचे दलदलीतले जंगल आहे. चिखलातून वर आलेली त्यांची गुडघ्यासारखी मुळे श्वास घेण्यासाठी असतात. शेजारी दोडामार्ग तालुक्यात बांबर्डे येथेही देवाच्या राखणीतले असेच जंगल टिकले आहे आणि त्याला जैवविविधता वारसास्थळाचा दर्जा मिळाला आहे. गोव्यात डिचोली तालुक्यातील सुर्ला गावच्या पुर्वतली रायीला तो मान मिळाला. ही रोपे कोणी लावली नव्हती. कोणी तोडली नाहीत, एवढेच. आज रायींना कुऱ्हाडीपेक्षा सुशोभीकरणाची भीती जास्त आहे. खालचे रान साफ करणे, वेली तोडणे, पेव्हर बसवणे, आसूपालवाच्या रांगा लावणे. रायीतला पाचोळा आणि वेली हाच तिचा जीव. तिथे लागवड करायचीच असेल तर रायीच्या कडेला, तिच्याच झाडांच्या बियांपासून करावी म्हणजे राय आपोआप पसरेल.

काम कोणाचे?

राष्ट्रीय जैवविविधता कायदा २००२ साली झाला. त्यानुसार प्रत्येक पंचायतीत जैवविविधता व्यवस्थापन समिती असायला हवी आणि तिने लोकांच्या मदतीने गावाची जैवविविधता नोंदवही करायला हवी. म्हणजे कायद्यानेही ‘आधी ओळखा’ असेच सांगितले आहे. ही वही कपाटात राहिली तर तिचा उपयोग नाही. तिच्यावरून गावाचा एक साधा नकाशा करावा: इथे लावायचे, इथे पेरायचे, इथे उपटायचे आणि इथे काहीही करायचे नाही. तो ग्रामसभेत ठेवावा, कारण मोकळी दिसणारी जागा कोणाच्या तरी गुरांची चरण असते, कोणाचे सरपण असते, कोमुनिदादीची किंवा देवस्थानाची असते. ज्यांना विचारले नाही त्यांच्या गुरांपासून रोपे वाचवता येत नाहीत. गावकरीच्या जुन्या व्यवस्थेत बांध सर्वांनी मिळून राखला जाई, कारण तो फुटला तर सगळ्यांचेच भात जाई. रान राखण्यालाही तोच न्याय लागू आहे.

काम जमले की नाही, हे मोजायचीही सोपी रीत आहे. चार काठ्या आणि दोरी घेऊन एक मीटरचा चौकोन आखावा आणि त्यात किती प्रकारची रोपे आहेत ते श्रावणात आणि कार्तिकात मोजावे. दरवर्षी त्याच जागी. शाळेतली मुले हे उत्तम करतात. रोपांच्या संख्येचा फलक लावण्याऐवजी या प्रकारांच्या संख्येचा फलक पंचायतीबाहेर लागावा.

आणि शेवटी साहित्यसंस्थांचे काम. कवंडळ, फागलां, घागरी, मट्टी हे शब्द ज्या आजींच्या तोंडी आहेत त्या आज सत्तर-ऐंशीच्या आहेत. वनस्पतीचे शास्त्रीय नाव पुस्तकात राहते. ‘ही पालेभाजी पुनर्वसू लागायच्या आत खावी, नंतर जून होते’ हे ज्ञान त्या बोलीतल्या नावाला चिकटलेले असते आणि नावाबरोबरच जाते. नोंदवहीत गावाच्या बोलीतले नाव, ते सांगणाऱ्याचे वाडे, त्या वनस्पतीचा उपयोग आणि हंगाम नीट लिहून घेणे हे काम वनस्पतिशास्त्रज्ञाला एकट्याने जमणारे नाही. भाषा जाणणारी माणसे त्याला हवीत, आणि ती या सभागृहात बसलेली आहेत. आपल्या संस्थेने आपल्या तालुक्यातली दोन-तीन गावे निवडून या पावसाळ्यापासून त्या वह्यांना हात लावावा, अशी विनंती करून मी आपली रजा घेतो.